चार पानांवर अडलेला पालक: खत घालायच्या आधी काय काय बघायचं

गेली सात-आठ वर्षं पुण्यात आमच्या आणि आजूबाजूच्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर मी हे एकच दुखणं इतक्या वेळा बघितलंय, की फोनवर "पालक उगवला छान होता हो, पण..." एवढं ऐकलं की पुढचं मीच सांगते. तरी आधी लक्षणं जुळवून घ्या. नाहीतर दुसऱ्याच आजाराचं औषध व्हायचं.

लक्षणं

बी पेरल्यापासून आठ-दहा दिवसांत कोंब वर येतात, दाट आणि हिरवेगार. घरचे सगळे येऊन बघून जातात. मग खरी पानं दोन येतात, फार तर चार, आणि गाडी तिथेच थांबते. महिना उलटला तरी पान अंगठ्याएवढंच. तळची पानं आधी फिकी होतात, मग पिवळी. कधी कडा लालसर दिसतात. दुपारी झाडं माना टाकतात, आणि गंमत म्हणजे माती तेव्हाही ओलीच असते. काही रोपं जमिनीलगत दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी पडतात. कुंडीला किंचित आंबूस, गटारासारखा वास. आणि माझी आवडती खूण: शेजारच्या कुंडीतला अळू मात्र मजेत असतो.

पान पुरेसं मोठं झालंय, पण त्यावर पांढऱ्या नागमोडी रेघा आहेत, तर ती नागअळी. रेघा दिसल्या की ते पान तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. मध्ये राखाडी आणि कडेला लालसर असे गोल ठिपके असतील तर तो बुरशीचा ठिपका. संध्याकाळी पानांवरून पाणी ओतणं बंद केलं की बराचसा आटोक्यात येतो. मधूनच उंच दांडा निघून तुरा आला असेल तर पालक फुलोऱ्यावर गेलाय. ऊन वाढलं आणि दिवस मोठा झाला की तो जाणारच. त्याला उपाय नाही, नवी पेरणी करायची. हे तिन्ही प्रकार इथेच सोडते. खाली जे आहे ते अडलेल्या पालकाचं.

सगळ्यात आधी तारीख आणि पाकीट

फुकटची तपासणी म्हणून ही पहिली. पेरलं कधी? पुण्याकडे पालकाला सप्टेंबरअखेर ते जानेवारी हा काळ मानवतो. एप्रिल-मेमध्ये उघड्या गच्चीवर काळ्या ग्रो बॅगेत पेरलेला पालक अडला तर त्यात तुमची चूक एवढीच, की तुम्ही तो पेरला. ५० टक्के सावलीची शेडनेट बांधा, नाहीतर तोवर चवळईवर भागवा.

आता पाकीट. आपला देशी पालक हा खरं तर बिटाचा भाऊबंद. बी खडबडीत आणि वेडंवाकडं असतं. 'ऑल ग्रीन', 'पुसा ज्योती', 'पुसा हरित' ही सगळी त्याच घरातली. ऑनलाइन मागवलेल्या देखण्या पाकिटांत बऱ्याचदा विलायती पालक निघतो. त्याला थंडी लागते, तिशीच्या वर पारा गेला की त्याचं बी धड उगवतही नाही. दोघांची नावं एकच असल्यामुळे लोक फसतात. पाकिटावर 'विलायती' असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत थांबा.

बी गुलाबी किंवा लाल दिसत असेल तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. पेरून झालं की हात साबणाने धुवा, आणि उरलेलं बी मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

बोट

तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसा. वरचा थर फसवतो. वर कोरडी खपली आणि खाली चिखल हे गच्चीवरचं नेहमीचं चित्र. बोट बाहेर काढल्यावर मातीचा लेप चिकटून आला तर पाणी जास्त. माती गार लागली, बोटाला थोडे कण लागले आणि मुठीत दाबल्यावर लाडू होऊन टिचकीने फुटला, तर तो वापसा. आपल्याला हवा आहे तो वापसाच.

शेतकऱ्याच्या तोंडी हा शब्द रोज असतो. कुंडीवाल्यांच्या तोंडी तो का नाही, कोण जाणे. वापसा म्हणजे मातीत पाणीही आहे आणि हवाही. पालकाच्या मुळाला दोन्ही लागतात. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळाचा श्वास कोंडतो, आणि कोंडलेलं मूळ पाणी वर ओढू शकत नाही. म्हणून ओल्या मातीत उभं राहून झाड दुपारी तहानेने मान टाकतं. आपण ती मान बघतो आणि आणखी एक तांब्या ओततो. हा फेरा मी किती घरांत बघितलाय याची मोजदाद नाही.

अशा चिखलात बुरशीही माजते. जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडणारी रोपं म्हणजे तिचंच काम. त्याला मर म्हणतात. आडवी झालेली रोपं परत उभी राहत नाहीत, ती काढून टाका. पुढच्या पेरणीच्या वेळी बियाला ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगट बुरशीला आवरणारी मित्र-बुरशी, चोळा. किलोला चार-पाच ग्रॅम पुरतो, म्हणजे आपल्या मूठभर बियाला चिमूटभर. पण मातीत चिखल तसाच ठेवून नुसता ट्रायकोडर्मा चोळायचा असेल तर ते पैसे वाचवा.

बोटाने 'जास्त' सांगितलं, तर आज पाणी नाही. उद्याही बोट घालूनच ठरवा. कुंडीखालची ताटली काढून टाका. हे मी मुद्दाम वेगळं सांगते, कारण गच्ची घाण होऊ नये म्हणून ठेवलेल्या ताटल्यांनी जितका पालक मारलाय तितका किडीने मारला नसेल. पाणी द्यायचं ते सकाळी, झारीने, बुडाशी. चार-पाच दिवसांत नव्या पानाचा रंग सुधारला तर इथेच थांबा, पुढचं काही करायची गरज नाही.

बुडाचं भोक

बोट रोज 'ओलं' म्हणतंय आणि तुम्ही तीन दिवस पाणी घातलेलं नाही, असं असेल तर कुंडी आडवी करा आणि भोकातून स्क्रूड्रायव्हर किंवा स्वेटरची सुई घाला. बहुतेकदा आत काहीतरी आडवं आलेलं असतं: सपाट बसलेली खापरी, मुळांचा गुंता, कोकोपीटचा बसलेला गाळ. एका घरी तर कुंडीच्या तळाला कारखान्यातून आलेलं प्लॅस्टिकचं टिकल्यासारखं झाकण तसंच होतं. काकूंनी ते फोडलंच नव्हतं. तीन वर्षं त्या कुंडीत 'काहीच येत नाही' म्हणून ती बदनाम.

तळाला विटांचे तुकडे किंवा खडी घातली की निचरा होतो, अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहजासहजी उतरत नाही. माती पूर्ण भिजून तुडुंब झाली की मगच ते टपकायला लागतं. म्हणजे खडीमुळे ओला थर खाली जाण्याऐवजी मुळांच्या जवळ वर सरकतो. भोकावर नारळाच्या काथ्याचा तुकडा किंवा जाळीचा चौकोन ठेवा, माती अडायला तेवढं पुरतं. वीस लिटरच्या डब्याला करंगळीएवढी पाच-सहा भोकं हवीत, आणि डबा दोन विटांवर उचललेला हवा. जमिनीला टेकलेल्या भोकाचा उपयोग नाही.

गर्दी

एक बी टाकलं आणि दोन-तीन कोंब आले, असं का होतं? कारण आपण ज्याला पालकाचं बी म्हणतो तो छोटा झुबका असतो, आणि त्याच्या आत एकापेक्षा जास्त बिया असतात. लोक मूठभर झुबके भुरभुरवतात आणि प्रत्यक्षात तिप्पट पेरणी होते. मग विरळणी करायला हात धजत नाही. मलाही अजून जड जातं.

रोपं चार पानांची झाली की दोन रोपांत पाच ते सात सेंटीमीटर राहतील अशी विरळणी करा. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं. कात्रीने जमिनीलगत कापा. निघालेली कोवळी रोपं मुगाच्या डाळीत घातली की वाटीभर सत्कारणी लागतात. चार बोटांच्या जागेत दहा रोपं उभी असतील तर पाणी नीट आणि खत भरपूर असूनही एकाचंही पान मोठं होणार नाही. दहा दिवसांत फरक दिसतो. दिसला नाही तर पुढे चला.

एक रोप उपटून बघा

इथे लोक कचरतात. "अहो, आधीच बारा रोपं उरलीत!" उरू देत. त्यातलं एक, मधल्या अवस्थेतलं, खुरप्याने भोवतीच्या मातीसकट उचला आणि बादलीत हलक्या हाताने धुवा. ओढून काढलंत तर जे बघायचं तेच तुटून मातीत राहील.

मूळ पांढरं, लांब, बारीक तंतूंनी भरलेलं असेल तर पाण्याचा प्रश्न नाही. भूक तपासा, ती पुढे आहे. मूळ तपकिरी, लिबलिबीत, वरची साल बोटात निघून येते आणि आत दोरा उरतो, तर कुज. म्हणजे बोट आणि भोक या दोन तपासण्यांत काहीतरी सुटलंय, परत मागे जा. मूळ आखूड आणि वाकडं, एका पातळीवर येऊन आडवं वळलेलं, तर खाली घट्ट थर बसलाय. शेतातून गोणीभर आणलेल्या काळ्या मातीत हे हमखास होतं. काळी माती शेतात सोनं, पण कुंडीत ओली झाली की फुगते, वाळली की कडेने भेगाळते आणि पाणी कडेकडेने पळून जातं. अशा कुंडीतली माती काढून त्यात तिसरा हिस्सा भाताची तुसं किंवा जाड वाळू मिसळा. बारीक वाळू नको, ती मातीच्या कणांत बसून आणखी घट्ट करते.

आणि मुळावर मोहरी-ज्वारीएवढ्या गाठी, मुळाचाच भाग असल्यासारख्या, खरवडून न निघणाऱ्या दिसल्या तर ती सूत्रकृमी, म्हणजे मुळात शिरणारे डोळ्यांना न दिसणारे जंत. त्याबद्दल शेवटी.

भूक, आणि कच्चं खत

आता कुठे खताचं नाव. तळची जुनी पानं सारखी फिकी-पिवळी होत जातात, नवी लहान पण हिरवी राहतात, मूळ पांढरं आहे, तर नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय. झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानाला देतं, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो. पालक म्हणजे नुसतं पान, त्यामुळे नत्राची भूक दांडगी. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दर कापणीनंतर बोटभर थर द्या. घाई असेल तर पाच लिटर पाण्यात सपाट चहाचा चमचा युरिया, ओल्या मातीत बुडाशी, पंधरा दिवसांतून एकदा. याहून जास्त नको. जादा नत्र पालक पानात साठवतो आणि ते आपल्याच ताटात येतं.

पण बऱ्याच घरी खत घातलेलं असतं आणि तेच दुखण्याचं कारण असतं. स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं खत दीड महिन्यात 'झालं' म्हणून मातीत मिसळलं जातं. आत अजून साली, पालापाचोळा अर्धवट असतो. तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र आधी स्वतःसाठी उचलतात, पालक उपाशी. खत शिजलंय का ते ओळखायची युक्ती सोपी: मूठभर ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाचा वास आला तर वापरा. आंबट किंवा अमोनियाचा भपकारा आला तर आणखी महिना थांबा.

उलटा प्रकारही असतो: जुनी पानं ठीक, नवी पिवळी, शिरा मात्र हिरव्या. हे लोह न मिळाल्याचं लक्षण. पुण्याकडच्या चुनखडीच्या मातीत किंवा सतत ओल्या मातीत लोह असतं, पण मुळाला उचलता येत नाही. आधी ओल कमी करा, मगच लोहाचं बघा.

चुना: कोकणातला सल्ला कोकणातच

माझं माहेर रत्नागिरीकडचं. तिथे आईच्या परड्यात पालक कधी धड आला नाही. पानं तळहाताच्या निम्मी, कडा तांबूस. पाणी उतरून जायचं, शेणखत भरपूर. खोट मातीतच होती. जांभ्याची लाल माती आणि तिथला धो धो पाऊस, दोन्ही मिळून माती आंबट होते. पालकाला आणि त्याच्या बीटभावाला आंबट माती अजिबात सोसत नाही. चुलीची राख आणि चौरस मीटरला दोन मुठी कळीच्या चुन्याची विरलेली पूड, पेरणीआधी तीन आठवडे मातीत मिसळल्यावर पहिल्यांदा ताटभर भाजी निघाली. चुना आणि ताजं शेणखत एकाच दिवशी घालायचं नाही, नत्र हवेत उडून जातं.

हाच प्रयोग व्हिडिओत बघून पुण्यात करणारे मला दरवर्षी भेटतात. घाटावरची काळी माती आधीच चुन्याने भरलेली. तिच्यात आणखी चुना म्हणजे नवी पानं पिवळी झालीच समजा. सामू (pH, म्हणजे माती किती आंबट ते सांगणारा आकडा) न मोजता चुना घालू नका. सामू मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. माती डिस्टिल्ड पाण्यात कालवून, निवळू देऊन पट्टी बुडवा. अचूक नाही, पण साडेपाच आणि आठ यांतला फरक कळतो. साडेसहा ते साडेसातच्या आत असेल तर सामूचा विषय सोडून द्या.

नळाचं पाणी

ही तपासणी मला फार उशिरा सुचली. नव्या सोसायट्यांत बोअरचं पाणी सॉफ्टनरमधून येतं. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम काढतो आणि बदल्यात सोडियम देतो. बादलीवर पांढरा थर बसत नाही म्हणून आपण खूश, पण कुंडीत तेच सोडियम मातीचे कण विस्कटतं आणि माती सिमेंटसारखी बसते. पालक तसा खारं बऱ्यापैकी सोसणारा आहे, त्याला खारेपणापेक्षा बसलेली माती मारते. पाणी घातल्यावर पाच मिनिटं वर तळं साचत असेल आणि भोक मोकळं असेल, तर वॉचमनला विचारा की सॉफ्टनरच्या आधीचा नळ कुठे आहे. बहुतेक इमारतींत गाड्या धुवायच्या बाजूला एक असतो. पावसाळ्यात कुंड्या उघड्यावर ठेवून चार जोरदार सरी अंगावर घेऊ दिल्या तरी बरंच धुऊन जातं, फक्त भोकं मोकळी हवीत.

इथे थांबा, माणूस गाठा

एवढं सगळं बघून, माती बदलून, ऋतू साधून केलेली दुसरी पेरणीही चार पानांवर अडली तर आता अंदाज बंद. माती तपासून घ्या. जिल्ह्याची मृद चाचणी प्रयोगशाळा किंवा जवळचं कृषी विज्ञान केंद्र हे काम करतं. पाच-सहा कुंड्यांतून किंवा वाफ्यात पाच-सहा ठिकाणी पंधरा-वीस सेंटीमीटर खोलीपर्यंतची माती घ्या, एकत्र करून सावलीत वाळवा, अर्धा किलो स्वच्छ पिशवीत भरा. खताच्या रिकाम्या गोणीत नको, आणि खत घातल्या-घातल्या नमुना काढू नका. अहवालात सामू आणि क्षारता या दोन ओळी आधी वाचा.

मुळावर गाठी दिसल्या असतील तर दुकानातून औषध आणू नका. सूत्रकृमीवरची रासायनिक औषधं फार विषारी असतात आणि पालक आपण दर दोन-तीन आठवड्यांनी कापून खातो. ते औषध या भाजीत बसतच नाही. गाठीचं मूळ मातीसकट ओल्या कागदात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा आणि आधी काय काय ओतलंय त्याची खरीखुरी यादी सोबत न्या. एकाच कुंडीत असेल तर ती माती काळ्या पिशवीत बांधून काढून टाका. वाफ्यात असेल तर एप्रिल-मेमध्ये माती भिजवून, पारदर्शक प्लॅस्टिकने कडा दाबून चार-सहा आठवडे उन्हात तापवा, मग निंबोळी पेंड मिसळा आणि एक हंगाम झेंडू लावा. बीट, टोमॅटो, वांगी, भेंडी त्या मातीत वर्षभर नको.

आणि शेवटचं, झाडाशी संबंध नसलेलं. गच्चीवर विटांचा वाफा बांधलाय, त्यातून पाणी निघत नाही आणि खालच्या मजल्याच्या छतावर ओल उमटली, तर पालक विसरा. निचऱ्यासाठी स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन वाफ्याच्या तळाला भोक पाडायला जाऊ नका, वॉटरप्रूफिंगचा थर फुटतो. एका ओळखीच्या घरी हे झालंय. ओल्या मातीचा एक फुटी थर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरतो, आणि वर जाण्याचा जिना असलेल्या गच्चीवर आपल्याकडच्या मानकात वापराचा भार साधारण १५० किलो धरलेला असतो. हा हिशोब स्ट्रक्चरल इंजिनिअरने करायचा आहे, माळ्याने नाही, मी तर नाहीच. तो येईपर्यंत वाफ्याला पाणी देऊ नका, आणि सुटे क्रेट गच्चीच्या मध्यावर असतील तर खाली तुळई किंवा भिंत आहे त्या कडेला हलवून ठेवा.